दोन मिळवून घ्यायचे

४ मार्च

प्रिय ढब्बू,

रविवारी फोनवर आपलं जे झालं, त्याला बोलणं म्हणत नाहीत. तू अकरा वेळा "काय?" म्हणालास. मी मोजले. बाराव्या वेळी मी अशी ओरडले की तुला सोडून भिंतीपलीकडच्या शेजारीणबाईंना सगळं ऐकू गेलं, आणि तुझ्याआधी त्याच सूप घेऊन मला धीर द्यायला आल्या. सूप खारट होतं. करताना त्यात रडल्या असणार. तेव्हा यापुढे पत्र. कानात यंत्र घालायचं नाही ही तुझी प्रतिज्ञा आहे ना, मग डोळे वापर.

जे ओरडले ते आता शांतपणे लिहिते. पोटातली गाठ पाठीच्या हाडांपर्यंत पोचली आहे. ऑपरेशनचा उपयोग नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. मी बरी होणार नाही, पण उद्या परवा कुठे निघालेलीही नाही. आता पॅलिएटिव्ह केअरची माणसं घरी येतात. डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा आणि सिस्टर दर मंगळवारी नि शुक्रवारी. आजार घालवणं हे त्यांचं काम नाही. आजार असताना माझे हाल होऊ नयेत, हे त्यांचं काम. मला पटलं. बिघडलेला कोट नवा होत नाही, पण घालता येईल असा करता येतो.

सिस्टर पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा मला रडूच कोसळलं. आजारामुळे नाही रे, तिच्या गणवेशामुळे. खांद्याची शिवण कोपराकडे निघालेली, कंबरेला पोतं. ती मला जवळ घेऊन म्हणते, "मन मोकळं करा." मी म्हटलं, "आधी हा झगा कुणी शिवला त्याचं नाव सांगा." मग तिने विचारलं, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही, तर तुमचं किती? मी चार सांगितलं. पुढचा प्रश्न पोट साफ होतं का. या बाईला माझ्या पोटाविषयी जी कळकळ आहे, ती उभ्या जन्मात मला कुणी दाखवली नव्हती.

आता कामाचं. तू निवृत्त झालास तेव्हा तुझ्या कोटासाठी राखाडी लोकरी कापड घेतलं होतं. पाच वर्षं कपाटात पडून आहे. गावाचं शिवलं आणि घरच्याचं राहिलं. ते आता शिवायचं ठरवलंय. मापं पाठव. किंवा स्वतः ये, मीच घेते.

तुझी,
ताई

११ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे वाकता येत नाही, तेव्हा सहा अंगांचाच समजावा.)

पत्र पोचलं. मजकूर समजला. तीन वेळा वाचून समजला.

मापं खालीलप्रमाणे. छाती चाळीस. कंबर छत्तीस. बाही चोवीस. सर्व मापं मी स्वतः घेतली असून ती बरोबर असल्याचं प्रमाणित करतो. तेहतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाच्या मापावर तू शंका घेणार नाहीस अशी खात्री आहे.

यायचं म्हणशील तर तूर्त अवघड आहे. एक, गुडघा. दोन, बोका. प्राण्यांच्या डॉक्टरने त्याला वजन कमी करायला सांगितलंय आणि मी नजर ठेवली नाही तर तो शेजाऱ्यांकडे जाऊन जेवतो. त्याला रोज तराजूत बसवावं लागतं. कोट कुरियरने पाठवलास तरी चालेल.

पॅलिएटिव्ह म्हणजे नक्की काय हे मी इथल्या औषधवाल्याला विचारलं. त्याने एकदम आवाज खाली आणला. त्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. पण त्याचा चेहरा मला आवडला नाही.

शून्य ते दहा या मोजमापाबद्दल काही प्रश्न उपस्थित होतात. याचं एकक काय? मूळ प्रमाण कुठे ठेवलं आहे? शेवटची पडताळणी कधी झाली? सिस्टरांकडे यावर शिक्का असलेला कागद आहे का? नसल्यास हे मोजमाप व्यवहारात वापरता येत नाही, असं त्यांना माझ्यातर्फे नम्रपणे सांगणे.

तू जेवतेस ना?

आज्ञाधारक,
ढब्बू

१९ मार्च

प्रिय निरीक्षकसाहेब,

तुझे प्रश्न सिस्टरला वाचून दाखवले. ती इतकी हसली की माझा रक्तदाब घ्यायचा विसरली. एकक नाही म्हणाली. मूळ प्रमाण ज्याच्या त्याच्या अंगात असतं म्हणे. तिच्याकडे एक पुठ्ठा मात्र आहे, त्यावर हसऱ्यापासून रडव्यापर्यंत तोंडं काढली आहेत. त्यातलं आठवं तोंड हुबेहूब तुझं आहे, गणितात नापास झालास त्या दिवशीचं. मी तो पुठ्ठा मागून घेतला आणि तुझ्या फोटोशेजारी लावला.

सिस्टरचा गणवेश मी उसवून पुन्हा बेतला. कंबर बत्तीस म्हणाली, मी गुपचूप चौतीस कापली आणि अंगावर अशी बसली की तिला आरशासमोरून हलवेना. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. तपासायला नव्हे, मापं द्यायला. आता त्यांच्या गाडीचा ड्रायव्हरसुद्धा पँट घेऊन जिन्यात उभा असतो. माझ्याकडे येण्यासाठी त्यांच्यात भांडणं होतात, असं ऐकते.

तुझा कोट बेतून झाला. कापणं झालं, शिवणं जरा रेंगाळलंय. इस्त्री जड झाली आहे, कुणी आत दगड भरले की काय कोण जाणे. ती शेजारीणबाई उचलून देतात. मशीनवर बसले की दहा मिनिटांत पाठ म्हणते ऊठ, म्हणून टेबलाला टेकून उभ्यानेच धावदोरा घालते. पलंगावर पाठ टेकवत नाही, तेव्हा खुर्चीतच डुलक्या काढते. खुर्ची छान आहे. काळजी करू नकोस. सिस्टरला दर वेळी चार सांगते आणि ती चार लिहून घेते.

कोट कुरियरने येणार नाही. कोट म्हणजे उशीचा अभ्रा नव्हे. त्याला ट्रायल लागते आणि ट्रायलला आत माणूस लागतो.

बोक्याचं वजन कळव.

ताई

२६ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

बोका सात किलो दोनशे ग्रॅम. वाढलं आहे. चौकशी चालू आहे.

तुझ्या १९ तारखेच्या पत्रात मला गंभीर विसंगती आढळली आहे. एकीकडे दुखणं चार. दुसरीकडे इस्त्री उचलत नाही, बसवत नाही, पलंगावर झोपता येत नाही. शिवाय तुझ्या ओळी दुसऱ्या पानावर खाली घसरत गेल्या आहेत. मी पट्टी लावून पाहिलं, शेवटची ओळ पहिलीपेक्षा दीड सेंटिमीटर उतरली आहे. तुझ्या हातून सत्तेचाळीस वर्षांत रेघ वाकडी गेलेली नाही.

दुकानदाराच्या तराजूवर संशय आला की आम्ही त्याच्याशी हुज्जत घालत नसू. खात्याचं वजन पिशवीतून काढायचं, पारड्यात ठेवायचं आणि काटा बघायचा. तशीच तुझी पडताळणी करायची आहे. खालील जुन्या दुखण्यांना तू किती आकडा देशील ते लिही.

अ. एकोणीस वर्षांची असताना मशीनची सुई बोटातून आरपार गेली होती, ते.
ब. मी बारा वर्षांचा असताना बाबांचं शिवणयंत्र उचलायला गेलो आणि ते तुझ्या पायावर पाडलं, ते.

त्यानंतर आज किती, ते लिही. खाडाखोड नको.

मी या महिन्यात येऊ शकत नाही. स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे आणि प्लंबर कधीही येईल. माणूस घरात लागतो.

ढब्बू

ता.क. शेजारीणबाईंना माझ्यातर्फे धन्यवाद सांग. इस्त्रीबद्दल.

३ एप्रिल

प्रिय ढब्बू,

तू लहानपणीही असाच होतास. वडी वाटली की दोन्ही बाजू तोलून बघायचास आणि मग दोन्ही खायचास.

घे तुझी पडताळणी. सुईचे तीन. शिवणयंत्राचे सात. हो, सात. तेव्हा मी "काही लागलं नाही" म्हटलं होतं, कारण तू माझ्याहून मोठ्याने रडत होतास आणि एका घरात दोघांनी रडायला जागा नव्हती. अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे, म्हणून मी उघड्या चपला घालत नाही. पन्नास वर्षांनी सांगितलं. झालं समाधान?

आज किती म्हणशील तर त्या दोन्हींच्या मध्ये, शिवणयंत्राच्या बाजूला. सहा म्हण. जिना चढले तर सात. म्हणूनच तर सिस्टरला चार सांगते, आणि जिना चढले तर पाच.

असं गोंधळून बघू नकोस. यात विसंगती काही नाही. मी जन्मभर लोकांना मापं विचारली आहेत. सगळे दोन कमी सांगतात. छत्तीस म्हणाला की अडतीस समजायची आणि निमूट कापायची, गिऱ्हाइकाला कळूही द्यायचं नाही. धंद्याची रीतच ती. सांगणारा दोन उतरवतो, घेणारा दोन मिळवतो. सिस्टर तर चांगली शिकलेली, हाताची हुशार मुलगी आहे. मी चार सांगते, ती मनात दोन मिळवून सहाचं औषध देते. आता सहाचं औषध घेऊनही सहाच राहतं, त्याला ती बिचारी काय करणार? आजारच चिवट आहे.

तिला मी उगाच छेडत नाही. कामाच्या माणसाला त्याचं काम शिकवू नये.

प्लंबरला म्हणावं लवकर ये. तुझा कोट खुंटीवर बिनबाह्यांचा लटकलाय. सकाळी डोळा उघडला की मला वाटतं तूच पाठमोरा उभा आहेस, आणि बरं वाटतं.

ताई

७ एप्रिल
तातडीचं

ताई,

ती मिळवत नाही!

ताई, ती दोन मिळवत नाही. कुणीच मिळवत नाही. तू चार म्हणतेस तेव्हा ती चारचंच औषध देते. तू महिनाभर माप कमी देऊन स्वतःलाच फसवत आली आहेस आणि खुर्चीत झोपते आहेस. तेहतीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला कमी तोलणारे शेकडो पाहिले, स्वतःला कमी तोलून घेणारी तू पहिली.

तुझ्या पाकिटावर मागे सिस्टरच्या संस्थेचा पत्ता छापलेला होता. त्यावर मी सिस्टरना आजच सविस्तर पत्र पाठवलं आहे. रागावलीस तरी चालेल.

पायाचं मला माहीत नव्हतं गं. मला खरंच वाटलं होतं की लागलं नाही.

ढब्बू

१२ एप्रिल

आदरणीय निरीक्षकसाहेब,

मी तुमच्या ताईंची सिस्टर. तुमचं सहा पानी पत्र मिळालं. सोबतचा तक्ता आमच्या डॉक्टरांनी फळ्यावर लावला आहे.

तुमचं खरं आहे. मी दोन मिळवत नाही. आम्हाला तसं शिकवत नाहीत. पत्र वाचलं तेव्हा गुरुवार होता, माझा दिवस नव्हता, तरी मी तशीच निघाले. ताईंना म्हटलं, तुम्ही सांगता तो आकडा मी आहे तसाच लिहिते. त्या हातातली कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही मिळवत नव्हता?" पहिल्या दिवशी माझ्या गणवेशाकडे जशा बघत होत्या, तशाच माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई गं, आणि मी तुमच्या कंबरेत मिळवले की हो!"

चूक त्यांच्या एकटीची नाही. मी आकडा विचारला आणि लिहून घेतला. इस्त्री उचलते का, पलंगावर झोप लागते का, हे मी विचारायला हवं होतं. बोलता बोलता शिवण घालणारी बाई बघून मी फसले. डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध बदललं, मधेच कळ आली तर घ्यायचा वेगळा डोस दिला, आणि पोटाचं औषध वाढवलं. (पोटाचा विषय मी काढला की त्या छताकडे बघतात, पण दुखण्याच्या औषधाने पोट साफ होत नाही, त्याला इलाज नाही.) शुक्रवारी गेले तेव्हा त्या पलंगावर आडव्या झोपल्या होत्या. शेजारीणबाईंनी मला दारातच ओठांवर बोट ठेवून थांबवलं. आम्ही दोघी पाऊण तास स्वयंपाकघरात कुजबुजत बसलो.

आता मी आकडा विचारतेच, आणि मग इस्त्री उचलून दाखवायला सांगते. काल त्यांनी ती टेबलावरून अर्धा फूट उचलली.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. आजार आहे तिथेच आहे आणि पुढेच जाणार आहे. पण सध्याचे दिवस बरे आहेत. ते किती असतील ते मला सांगता येत नाही, काही मिळवून नाही आणि काही वजा करूनही नाही. टेबलावर एक राखाडी कोट आहे. त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. तुमचा नळ दुरुस्त झाला असेल अशी आशा करते.

आपली,
सिस्टर

१५ एप्रिल

चहाडखोरा,

सिस्टरने तुला काय लिहिलं ते ती सांगत नाही. तू तिला काय लिहिलंस ते मात्र आता अख्ख्या संस्थेला पाठ आहे. "भगिनीच्या वेदनेची फेरपडताळणी होणेबाबत" हा विषय तूच घालू जाणे.

मी नऊ तास झोपले, ढब्बू. पाठीवर! उठले तर खिडकीत ऊन आलं होतं आणि मला भूक लागली होती. नव्या औषधाचं नाव ऐकून शेजारीणबाईंनी पुन्हा डोळ्याला पदर लावला, म्हणाल्या, हे दिलं म्हणजे संपलंच. मी म्हटलं, संपलं नाही हो, उठून सहा काजं केली. बघायला दाखवली तेव्हा पदर सोडून मोजायला लागल्या. मला राग आला तो स्वतःचाच. चाळीस दिवस दात आवळून काढले ते कशासाठी, तर माझी कारागिरी सिस्टरला आपोआप कळेल म्हणून. विचारायला तोंड नव्हतं का मला? गंमत म्हणून सगळ्यांना सांगते आणि हसवते, पण ते दिवस कोटाला लावता आले असते. याचं वाईट वाटतं.

आता मी खरं बोलायला लागले आहे, तर तूही बोल.

मुद्दा एक, कंबर किती?

मुद्दा दोन, का येत नाहीस? गुडघा, बोका, नळ. कोट घालून बघताना माणूस पोट आत ओढून धरतो ना, तेव्हा त्याच्याकडेही अशीच तीन तीन कारणं असतात. मी हातात टाचण्या घेऊन थांबते. कधीतरी त्याला श्वास सोडावाच लागतो.

ताई

२२ एप्रिल

ताई,

कंबर बेचाळीस.

श्वास सोडून, जेवणानंतर, धातूच्या टेपने. बोक्याच्या साक्षीने.

नळ गळत नाही. कधीच गळत नव्हता. गुडघा दुखतो, पण सुईइतकाच, तीन.

तुला आठवतं ना, आमच्या हिच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही हॉस्पिटलात होतो. तिला नळ्या लावल्या होत्या. त्या दुपारी ती म्हणाली, जरा बसा माझ्याजवळ. मी म्हटलं, आलोच. मी बाहेर गेलो, कारण मला तिच्याकडे बघवेना. व्हरांड्यात वजनाचा काटा होता. मी त्यावर उभा राहिलो. तो तीनशे ग्रॅम कमी दाखवत होता. मला इतकं बरं वाटलं, ताई. काहीतरी असं सापडलं जे मला दुरुस्त करता येत होतं. मी तासभर तिथल्या लोकांशी भांडलो, लेखी तक्रार दिली, पोच घेतली. परत आलो तेव्हा ती झोपली होती, आणि मग ती उठलीच नाही. पोच अजून माझ्याकडे आहे.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्याकडे आलो आणि तिथेही मला असाच एखादा काटा सापडला तर, या भीतीने येत नव्हतो. भीती दहापैकी नऊ. दोन मिळवू नकोस, अकरा होतील.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. बोका औषधवाल्याकडे ठेवला आहे. बोक्याचं चोरटं जेवण त्याच्याकडेच चालायचं हे उघड झालं, त्यामुळे त्याला नाही म्हणता आलं नाही.

ढब्बू

१ मे

ती. ताईस,
नमस्कार. पूर्ण आठ अंगांनी. खाली बसलो होतो, उठायला बोक्याची मदत घेतली.

सुखरूप पोचलो. काही निरीक्षणं नोंदवायची राहिली, ती अशी.

तू खूप बारीक झाली आहेस. दार उघडलंस तेव्हा मी "काय?" म्हणालो, ते ऐकू न आल्यामुळे नव्हतं. पण तू टाचण्या दातांत धरून "पोट सोड" म्हणालीस आणि पुढचे दोन तास मी भ्यायचं विसरलो.

कापडाच्या उलट्या बाजूला खडूने कंबर बेचाळीस लिहिलेलं मी वाचलं. शेजारी तारीख होती, १४ मार्च. म्हणजे माझं प्रमाणपत्र पोचलं त्याच दिवशी. दोन नाही, सहा मिळवलेस. खात्याची काय इज्जत राहिली?

आता मुख्य मुद्दा. तू म्हणालीस डावी बाही खांद्यात ओढते, पुन्हा ट्रायल घ्यावी लागेल, दोन आठवड्यांनी ये. मी आरशात नीट पाहिलं. हात वर केला, खाली केला, खुर्चीतून तुला उठवायला पुढे वाकून पाहिलं. बाही कुठेही ओढत नव्हती. सत्तेचाळीस वर्षांत तू दुसरी ट्रायल घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. सिस्टर तेव्हा खिडकीबाहेर बघत होत्या.

तपासाअंती माझंही मत असं आहे की बाही ओढते. बऱ्यापैकी ओढते. शनिवारी, १५ तारखेला येतो.

ढब्बू

३ जून

प्रिय ढब्बू,

तिसऱ्या ट्रायलनंतर माझी खात्री झाली की आता उजवीही ओढते. तू आणलेलं सूप चांगलं होतं, शेजारीणबाईंना सांगू नकोस. त्यांच्याबरोबर तू भिंतीतून गप्पा मारत होतास तेही मी ऐकलं. तुझं यंत्र कानात शोभतं. माझंच ऐकायला घातलंस, हे कळतं मला.

इस्त्री आता उचलत नाही. सिस्टरने रिकाम्या चहाच्या कपावर आणलंय. कप उचलला की शाबासकी. आकडे मात्र खरे सांगते. काल सकाळी सहा म्हटलं, तिने औषध दिलं, दुपारी तीन झाले. एवढं सोपं होतं बघ.

तू मागच्या वेळी नुसता बसलास माझ्याजवळ. अडीच तास. काटा वगैरे काही शोधला नाहीस. माझ्या घरातलं घड्याळ चार मिनिटं मागे आहे, ते तुला दिसलं होतं हे मी पाहिलं. तरी उठला नाहीस.

ताई

१ जुलै

ती. ताईस,
नमस्कार.

कोट घालून आज औषधवाल्याकडे गेलो. त्याने विचारलं कुणी शिवला. मी सांगितलं, अजून शिवून व्हायचा आहे. तो म्हणाला, पूर्ण तर दिसतोय. मी त्याला म्हटलं, ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये.

डावी बाही ओढते आहे. हे मी शपथेवर लिहून द्यायला तयार आहे. पुढच्या शनिवारी, १० तारखेला, कोट घेऊन येतो आणि या वेळी सोमवारपर्यंत राहतो, कारण पाचव्या ट्रायलला घाई करून चालत नाही.

आज किती?

तुझा,
ढब्बू (बेचाळीस)

५ जुलै

प्रिय ढब्बू,

सांगतेय मी, लिहितेय सिस्टर. अक्षर तिचं आहे म्हणून ओळी सरळ आहेत, पट्टी लावू नकोस.

आज चार. खरे चार. कप उचलला नाही, पण तो भरलेला होता, त्यामुळे ती परीक्षा धरायची नाही असं ठरलं आहे.

कोट आणशीलच, पण तो गेल्या खेपेला तू माझ्याकडेच विसरून गेलास. खुंटीवर आहे. तू कुठला कोट घालून औषधवाल्याकडे गेलास ते मला कळलेलं नाही आणि मी विचारणारही नाही.

ये. डावी बाही उसवून ठेवली आहे.

ताई

ता.क. साहेब, बाही मी उसवली. कात्री कुठे लावायची तेवढं त्यांनी बोटाने दाखवलं. लवकरची गाडी पकडा. — सिस्टर